खुनाचा तपास कोणाकडे द्यायचा? गृह विभाग आणि पोलीस महासंचालकांना खुलं पत्र

प्रति,
मा. अपर मुख्य सचिव, गृह विभाग, महाराष्ट्र शासन
मा. पोलीस महासंचालक, महाराष्ट्र राज्य

विषय: गंभीर गुन्ह्यांचा मुख्य तपास अधिकारी नेमण्यासाठी पात्रता ठरवण्याबाबत

महोदय,

मे 2025 मध्ये गृह विभागानं पदवीधर पोलीस शिपायांना लहान गुन्ह्यांचा तपास करायची मुभा दिली. अटी स्वच्छ होत्या. पदवी हवी, 7 वर्षांची सेवा हवी, नाशिकच्या गुन्हे अन्वेषण प्रशिक्षण विद्यालयातला 6 आठवड्यांचा अभ्यासक्रम हवा आणि त्याची परीक्षा उत्तीर्ण हवी. निर्णय चांगलाच आहे. पण तो वाचताना जे खटकलं त्यासाठी हे पत्र लिहितो आहोत. सायकलचोरीचा तपास करणाऱ्याला परीक्षा द्यावी लागते आणि खुनाचा तपास करणाऱ्या निरीक्षकाला मात्र खांद्यावरचे तीन तारे पुरतात. त्यानं याआधी किती सेशन केस (सत्र न्यायालयात चालणारे गंभीर खटले) स्वतः हाताळल्या, त्यातल्या किती कोर्टात टिकल्या, हे कोणी विचारत नाही.

आपल्या कायद्यांनी 'वरिष्ठ तपास अधिकारी' ही कल्पना हुद्द्यालाच बांधून टाकली आहे. अॅट्रॉसिटीच्या गुन्ह्याचा तपास 1995 च्या नियमांतल्या नियम 7 प्रमाणे उपअधीक्षकापेक्षा खालच्या अधिकाऱ्यानं करायचा नाही. मकोका (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) आणि यूएपीए (बेकायदा कृत्यं प्रतिबंधक कायदा) यांनाही उपअधीक्षक किंवा सहायक आयुक्त लागतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 78 ला निरीक्षक लागतो. यामागचं गृहीतक असं, की माणूस त्या पायरीवर पोहोचेपर्यंत तपास शिकलेला असणार. प्रत्यक्षात फौजदार ते निरीक्षक हा प्रवास वाहतूक शाखा, नियंत्रण कक्ष, विशेष शाखा आणि व्हीआयपी बंदोबस्त यांतूनही पुरा होतो. सेवाज्येष्ठता यादीत ही वर्षं आणि गुन्हे शाखेतली वर्षं सारखीच मोजली जातात.

मग काय होतं, तर अॅट्रॉसिटीच्या गुन्ह्यात तपासी अंमलदार म्हणून नाव उपविभागीय अधिकाऱ्याचं लागतं आणि जबाब पोलीस ठाण्याचा फौजदार घेतो. तोही बऱ्याचदा रायटरला, म्हणजे लिखाण करणाऱ्या हवालदाराला, सांगून. उलटतपासात बचावाचे वकील पहिलाच प्रश्न टाकतात: "साहेब, सही तुमची. अक्षर कोणाचं?" त्यानंतरचा दुसरा प्रश्न: "हा जबाब चालू होता तेव्हा आपण कुठे होतात?" तेवढ्यात स्टेशन डायरी मागवली जाते आणि साहेब त्या वेळी शांतता समितीच्या बैठकीत होते असं त्यांच्याच खात्याच्या नोंदीत निघतं.

भरतीच्या अटी आम्हाला माहीत आहेत. लोकसेवा आयोगामार्फत फौजदार व्हायला कुठल्याही शाखेची पदवी चालते. पुरुष उमेदवाराची उंची 165 सेंटिमीटर आणि छाती न फुगवता 79 सेंटिमीटर लागते, फुगवून 5 सेंटिमीटर वाढावी लागते. मैदानावर 7.26 किलोचा गोळा टाकावा लागतो. पुढे नाशिकच्या अकादमीत प्रशिक्षण. रस्त्यावर उभं राहणारा फौजदार घडवायला हे योग्य आहे आणि त्यावर आमचा आक्षेप नाही. आक्षेप इतकाच, की त्यानंतर निवृत्तीपर्यंत पुन्हा कोणीच त्याची छाती मोजत नाही, या अर्थानंही आणि त्या अर्थानंही.

पात्रता म्हणजे नेमकं काय तपासायचं, ते एका कागदावरून सांगतो. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 23 खाली (जुनं कलम 27) आरोपीच्या निवेदनावरून वस्तू जप्त होते. ठाण्याच्या भाषेत मेमोरंडम पंचनामा. अनेक खून खटल्यांत फिर्यादी पक्षाचा मोठा आधार हाच असतो आणि तोच सगळ्यात आधी कोसळतो.

हा पंचनामा करायची रीत 2022 च्या रामानंद विरुद्ध उत्तर प्रदेश या निकालात सर्वोच्च न्यायालयानं पायरीपायरीनं सांगितली आहे. दोन स्वतंत्र पंच आधी ठाण्यात बोलवायचे. आरोपीनं त्यांच्यासमोर बोलायचं. तो बोलला ते त्याच्याच शब्दांत उतरवायचं. तो पहिला भाग संपला, सह्या झाल्या, वेळ लिहिली, की मग आरोपी दाखवेल त्या दिशेनं पंचांसह निघायचं. वस्तू आरोपीनं काढून द्यायची. दुसरा भाग जागेवर लिहायचा, जागेवरच सील करायचं.

प्रत्यक्षात आरोपीचं निवेदन आदल्या रात्रीच झालेलं असतं. कोयता कुठे आहे ते गुन्हे प्रकटीकरण पथकाला कळलेलं असतं. सकाळी पंचांना थेट ओढ्याकाठी बोलावतात आणि दोन्ही भाग तिथेच, किंवा परत ठाण्यात येऊन, एका बैठकीत लिहितात. निवेदनात आरोपीचे शब्द नसतात. "मी गुन्ह्यात वापरलेले हत्यार लपवून ठेवलेली जागा दाखवतो, माझ्यासोबत चला" हे एकच वाक्य सोलापूरच्या गवंड्याच्या तोंडी असतं आणि नालासोपाऱ्याच्या रिक्षावाल्याच्याही. कधी त्यात पूर्ण कबुलीच लिहून टाकतात. पोलिसांपुढची कबुली पुराव्यात येत नाही. जेवढ्या भागामुळे वस्तू सापडली तेवढाच येतो, हे प्रिव्ही कौन्सिलच्या 1946 च्या पुलुकुरी कोट्टया निकालापासून ठरलेलं आहे.

आता असा कागद पारखायचा कसा? पंचनाम्यावर सुरू 14.10, समाप्त 15.40 अशी वेळ आहे असं धरा. लॉकअप रजिस्टर काढा: आरोपी 14.10 च्या आधी बाहेर काढल्याची नोंद हवी. स्टेशन डायरी काढा: पथक निघाल्याची नोंद हवी, पंचांच्या नावासह. गाडीचं लॉगबुक काढा: जागा 18 किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन किमान 36 किलोमीटर दिसले पाहिजेत. पुरावा चित्रित करण्याच्या ई-साक्ष्य अॅपवरचं चित्रीकरण काढा: त्यावरची वेळ आणि ठिकाण कागदाशी जुळलं पाहिजे. या चारांपैकी एक जरी चुकलं तरी पंच फितूर झाला की सावरायला काहीच उरत नाही. हे चार कागद सही करण्याआधी स्वतः लावून बघणारा अधिकारी आमच्या दृष्टीनं वरिष्ठ तपासासाठी पात्र आहे. त्याच्या खांद्यावर किती तारे आहेत ते नंतर बघू.

मुद्देमालाचंही तसंच. रक्तानं भिजलेला शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून लाखेचं सील मारलं, की आत ओल कोंडते, बुरशी धरते आणि डीएनए हाती लागत नाही. तो सावलीत वाळवायचा, कागदी पाकिटात घालायचा, मृताचे आणि आरोपीचे कपडे चुकूनही एकत्र ठेवायचे नाहीत. हे प्रत्येक प्रशिक्षणात शिकवतात. शिकवलं जात नाही ते पुढचं: सीलचा नमुना वेगळ्या कागदावर घेऊन प्रयोगशाळेला पाठवायचा, मुद्देमाल नोंदवहीत आवक-जावक वेळेसह लिहायची, आणि पाकीट ज्या शिपायानं कलिना, नागपूर किंवा पुण्याच्या प्रयोगशाळेत पोहोचवलं त्याचा जबाब घ्यायचा. वाहक शिपायाचा जबाब नसणं ही इतकी साधी चूक आहे, की ती अजून होते यावर नव्या माणसाचा विश्वास बसत नाही. जुलै 2025 मध्ये कट्टवेल्लई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं डीएनएचे नमुने 48 तासांत प्रयोगशाळेत पोहोचवायला सांगितलं, उशीर झाला तर कारण लिहून ठेवायला सांगितलं, आणि नमुना कोणाच्या हातून कोणाच्या हातात गेला याची नोंदवही सक्तीची केली. ती वही खटल्याच्या कागदपत्रांना जोडायची आहे. आता ठाण्यात कपाटाची चावी कोणाकडे असते हाही पुराव्याचा भाग झाला.

यात निर्णयही असतात, नुसती रीत नसते. जप्त केलेला सुरा आधी प्रयोगशाळेत पाठवायचा की आधी शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना दाखवून 'या हत्यारानं या जखमा होऊ शकतात का' असा अभिप्राय घ्यायचा? डॉक्टरांकडे सील उघडलं तर रक्ताच्या डागांवर शंका येते. प्रयोगशाळेकडे आधी दिलं तर अहवाल येईपर्यंत सुरा तिथेच राहतो आणि इकडे दोषारोपपत्राची मुदत संपत येते. उत्तर प्रकरणागणिक बदलतं. म्हणून ते ठरवून, कारणासह, त्याच दिवशी केस डायरीत (तपासाच्या रोजच्या नोंदवहीत) उतरलेलं असायला हवं. पात्रतेच्या परीक्षेत आम्ही हाच प्रश्न ठेवू.

डिजिटल पुराव्यात तर वरिष्ठ अधिकारी बहुधा सायबर पथकातल्या एखाद्या हुशार पोराच्या भरवशावर असतात. जालन्याच्या निवडणूक याचिकेतून आलेल्या 2020 च्या अर्जुन पंडितराव खोतकर निकालानं इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र सक्तीचं असल्याचा वाद संपवला. नव्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नं त्यावर आणखी एक पायरी चढवली. प्रमाणपत्राचे आता दोन भाग आहेत. भाग अ यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्यानं भरायचा, भाग ब तज्ज्ञानं. दोन्हींत हॅश मूल्य (फाईल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा) लिहायचं आणि ते कोणत्या पद्धतीनं काढलं तेही. तरीही दुकानातल्या डीव्हीआरमधून (सीसीटीव्हीचं चित्रण साठवणारं यंत्र) पेनड्राइव्हवर क्लिप उतरवून घेणाऱ्या शिपायाच्याच सहीचं प्रमाणपत्र जोडलेली प्रकरणं दाखल होतात. त्यात डीव्हीआरचं घड्याळ किती मिनिटं पुढे होतं हे पंचनाम्यात नसतं. 11 मिनिटांचा फरक न लिहिल्यामुळे आरोपी एकाच वेळी दोन चौकांत दिसतो आणि बचावाला आयती मेजवानी मिळते. बऱ्याच ठिकाणी पंधरा दिवसांत ते चित्रण पुसलंही जातं, म्हणजे दुरुस्तीची सोय नाही.

आर्थिक फसवणुकीत आयपी पत्त्याच्या नोंदी परदेशी कंपन्यांकडून येतात त्या बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाण वेळेत. भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. हे मिळवायचं विसरलं की मोबाईल कंपनीकडून भलत्याच ग्राहकाचं नाव येतं आणि पहाटे भलत्याच घराचं दार वाजतं. शिवाय एकच आयपी पत्ता एका वेळी अनेक ग्राहकांना वाटलेला असतो, म्हणून पत्त्यासोबत पोर्ट क्रमांक मागावा लागतो. सीडीआरमधलं (मोबाईल कॉलच्या नोंदींमधलं) टॉवर लोकेशन हे परिसर सांगतं, घर सांगत नाही. 'आरोपी घटनास्थळी हजर असल्याचे सीडीआरवरून निष्पन्न' हे वाक्य दोषारोपपत्रात लिहिणाऱ्यानं टॉवरचा नकाशा बहुधा उघडून पाहिलेला नसतो. निरीक्षकानं हे सगळं स्वतः काढायचं नाही, मान्य. पण हाताखालच्यानं आणलेला कागद चूक आहे हे त्याला ओळखता आलं पाहिजे.

अटकेच्या बाबतीत थोडक्यात. अटकेची कारणं लेखी द्यावी लागतात हे 2023 च्या पंकज बन्सल आणि 2024 च्या प्रबीर पुरकायस्थ निकालांनी सुरू केलं. नोव्हेंबर 2025 मध्ये मिहीर शाह प्रकरणात ते सर्वच गुन्ह्यांना लागू झालं, तेही आरोपीला समजेल त्या भाषेत. छापील फॉर्मवरचं 'आणखी गुन्हा करू नये म्हणून' हे कारण कोणालाही चालेल असं आहे. न्यायालयाला हवं असतं ते या आरोपीविरुद्ध, या गुन्ह्यात, काय हाती लागलं ते. बिहारहून आलेल्या मजुराच्या हातात मराठी कागद देऊन त्याचा अंगठा घेतला तर अटक बेकायदा ठरू शकते आणि महिन्याभराची मेहनत रिमांडच्या पहिल्याच दिवशी जाते.

मग पात्रता कोणती? एलएलबी सक्तीचं करा, असं अनेकजण सुचवतात. न्यायसहायक विज्ञानातली पदवी मागा, असंही कोणी म्हणतं. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थांमधून मुलं शिकून बाहेर पडत आहेत. त्यांना खात्यात जागा हव्यात, पण त्या घटनास्थळावर आणि प्रयोगशाळेत. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 176 सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात तज्ज्ञाला घटनास्थळी आणायला सांगतं, तिथे त्यांचं काम आहे. मुख्य तपास अधिकाऱ्यासाठी मात्र आम्ही पदवीला दुय्यम मानतो. एलएलबी झालेला आणि तरीही मेमोरंडम ओढ्यावर लिहिणारा अधिकारी असू शकतो. पदवी चांगली, पण तिच्या जोरावर खुनाचा तपास देऊ नये.

इंग्लंड आणि वेल्समध्ये ही गोष्ट चार पायऱ्यांत बांधली आहे. पहिली पायरी गणवेशातल्या शिपायाची. दुसरी डिटेक्टिव्हची, तिथे राष्ट्रीय लेखी परीक्षा आहे. खून आणि मोठे गुन्हे सांभाळणारा 'सीनियर इन्व्हेस्टिगेटिंग ऑफिसर' तिसऱ्या पायरीवर. वर्गातल्या अभ्यासक्रमानंतर त्याला प्रत्यक्ष चालू प्रकरणांवर काम करून त्याची फाईल सादर करावी लागते आणि दुसरा अनुभवी अधिकारी ती तपासतो. तो स्वतःची निर्णय वही ठेवतो: काय ठरवलं, कधी, का, आणि काय करायचं नाही असं ठरवलं. हुद्दा मिळाला म्हणून ती पायरी मिळत नाही. ही पद्धत जशीच्या तशी आणा, असं आम्ही म्हणत नाही. तिथे ठाणेदाराला गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीपुढे चालावं लागत नाही. पण फाईल तपासण्याची कल्पना आपल्याला आज उचलता येते आणि तिला फारसा खर्च नाही.

आमची मागणी अशी. सेशन न्यायालयात चालणाऱ्या गुन्ह्यांच्या मुख्य तपासासाठी प्रत्येक पोलीस घटकात (जिल्हा किंवा आयुक्तालय) पात्र अधिकाऱ्यांची स्वतंत्र यादी करा. यादीत येण्यासाठी गुन्हे तपासाची किमान 5 वर्षं हवीत, कार्यकारी नेमणुकीची नव्हेत. अधिकाऱ्यानं स्वतः पूर्ण केलेली 6 प्रकरणं सादर करावीत, त्यातली किमान 2 निकाली निघालेली. निकाल सुटकेचा असला तरी चालेल. खरं तर एक तरी सुटकेचा असावा, कारण त्या निकालपत्रातल्या तपासावरच्या प्रत्येक ताशेऱ्यासमोर 'यापुढे काय करीन' हे त्याच्याकडून लिहून घ्यायचं आहे. फाईल तपासायला तिघे बसावेत: दुसऱ्या घटकातला अनुभवी तपास अधिकारी, सेशन न्यायालयात काम करणारा सरकारी वकील आणि प्रयोगशाळेतला अधिकारी. त्यांच्यापुढे तासभराची तोंडी परीक्षा, कागद समोर ठेवून. नाशिकचं विद्यालय आणि हैदराबाद, कोलकात्यासारख्या केंद्रीय गुप्तहेर प्रशिक्षण संस्थांचे अभ्यासक्रम आहेतच. तिथे कोणाला पाठवायचं हे सध्या बऱ्याचदा ठाण्यात कोण मोकळा आहे यावर ठरतं. यादीतल्यांनाच पाठवा. पात्रता 3 वर्षांनी पुन्हा तपासा, कारण कायदे आणि फोन दोन्ही तोवर बदललेले असतात.

सुटकेच्या निकालांचं काय करायचं हेही नव्यानं शोधावं लागणार नाही. 7 जानेवारी 2014 ला किशनभाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक राज्याच्या गृह विभागाला पोलीस आणि अभियोग विभागातल्या वरिष्ठांची स्थायी समिती नेमून प्रत्येक सुटकेची कारणं शोधायला सांगितलं होतं आणि त्यातून निघालेल्या चुका प्रशिक्षणात आणायला सांगितलं होतं. त्या समितीपुढे जाणारा कागद बहुतेक वेळा 'साक्षीदार फितूर झाल्याने' या एका ओळीवर संपतो. साक्षीदार फितूर झाला हे खरं असतं. मग त्याचा जबाब नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 183 खाली दंडाधिकाऱ्यांसमोर का नोंदवला नव्हता, हा पुढचा प्रश्न समितीनं विचारायचा असतो.

शेवटी बंदोबस्त. 22 सप्टेंबर 2006 च्या प्रकाश सिंह निकालानं तपास आणि कायदा-सुव्यवस्था वेगळी करायला सांगितली. आमची यादी कितीही चांगली झाली तरी तीतला अधिकारी आषाढीला पंढरपूरला, भाद्रपदात गणपतीला आणि मग निवडणुकीला जाणार असेल तर काहीच साधत नाही. दोषारोपपत्रासाठीचं 60 आणि 90 दिवसांचं घड्याळ बंदोबस्तासाठी थांबत नाही. 88 व्या दिवशी रात्री बसून मागच्या तारखांची केस डायरी लिहिली जाते ती याच कारणानं. डायरी बांधलेली आणि पानांवर क्रमांक असलेली हवी असं कायदा सांगतो, म्हणून मग पानं रिकामी सोडून ठेवायची युक्ती निघाली. मुख्य तपास अधिकारी ज्या दिवशी नेमला जाईल त्या दिवसापासून दोषारोपपत्र दाखल होईपर्यंत त्याला बंदोबस्त लावायचा झाल्यास घटकप्रमुखानं लेखी आदेश काढावा आणि तो केस डायरीला जोडावा. एवढ्यानं बंदोबस्त थांबणार नाही, पण निदान कोणी पाठवलं ते कोर्टाला दिसेल.

नवीन नियम काढायला वेळ लागेल हे समजतं. तोवर एक करता येईल. निरीक्षकपदाच्या पुढच्या बढती यादीतल्या प्रत्येक अधिकाऱ्यानं केलेला शेवटचा मेमोरंडम पंचनामा, त्या दिवसाचं लॉकअप रजिस्टर, स्टेशन डायरी आणि गाडीचं लॉगबुक मागवा आणि चारही टेबलावर शेजारी शेजारी ठेवा. एका प्रकरणाला अर्धा तास पुरतो. या कामात आम्ही विनामोबदला बसायला तयार आहोत.

आपले विश्वासू,
गुन्हे तपास, अभियोग आणि न्यायसहायक विज्ञान या क्षेत्रांत काम केलेले काही नागरिक